लेकीचं टास्मानिया, यजमानांची माळ आणि तुमचे मासे

पत्राचा सारांश: बेळगावच्या शहापूर भागातून एका ५९ वर्षांच्या वाचक भगिनीने लिहिलं आहे. लेक-जावई मेलबर्नला असतात. नाताळच्या सुट्टीत दोघांना बोलावलंय आणि त्यातला एक आठवडा टास्मानिया बेटावर काढायचा लेकीचा बेत आहे. सात दिवसांत आठ ठिकाणं, रोज नवा मुक्काम. तिकिटं आणि राहणं, सगळा खर्च जावई करणार. यजमान साखर कारखान्यातून निवृत्त झाले, पुढे त्यांनी पंढरीची माळ घातली. ते म्हणतात, "डोंगर नि पाऊस बघायला एवढं लांब कशाला? चोर्ला, आंबोली दाराशी आहेत. शिवाय मी तिथं खाऊ काय? मेलबर्नपर्यंत येतो, पुढं तुम्ही जा." बाईंचं माहेर वेंगुर्ल्याकडचं. यजमानांच्या माळेनंतर त्यांनीही घरात मासे करणं सोडलं. त्यांचा प्रश्न: बेत रद्द करायला सांगू, यजमानांना मेलबर्नला ठेवून लेकीबरोबर जाऊ, की कसंही करून त्यांना तयार करू? शेवटी कंसात लिहिलंय: (तिथे मासे फार चांगले मिळतात म्हणे. हे लिहायलाही लाज वाटते.)

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रात यजमानांच्या जेवणाची काळजी पानंच्या पानं आहे, लेकीच्या आराखड्याबद्दलची धास्ती अर्धं पान, आणि तुम्हाला स्वतःला काय हवंय ते शेवटी, तेही कंसात. मी कंसापासून सुरुवात करते.

माळ यजमानांनी घातली, तुम्ही नाही. घरात चूल एक, भांडी एक, म्हणून तुम्ही आपणहून मासे बंद केले. कुणी सांगितलं नव्हतं. ते तुमचं व्रत नव्हतं, सोय होती. पण सोय लांबली की ती नियमासारखी दिसायला लागते, आणि घरातल्या सगळ्यांची अशी समजूत होते की तुम्हालाही आता नकोच असतात. यजमानांनी तुम्हाला कधी अडवल्याचं पत्रात कुठे नाही. अडवलं असतं तर तुम्ही नक्की लिहिलं असतंत, तेवढी सविस्तर तुम्ही लिहिता. तेव्हा आधी त्यांना सरळ विचारा: "मी तिथं मासे खाल्ले तर चालेल का?" माझा अंदाज आहे ते म्हणतील, "खा की, मी कुठं नको म्हटलंय?" ते ऐकून तुम्हाला थोडा रागच येईल. येऊ दे.

आणि तुमची माहिती खरी आहे. होबार्ट हे टास्मानियाचं मुख्य शहर. तिथल्या कॉन्स्टिट्यूशन डॉकमध्ये पाण्यावर तरंगणाऱ्या मासळीच्या टपऱ्या आहेत, तळलेला मासा कागदात गुंडाळून हातात देतात. फ्लॅटहेड नावाचा पांढऱ्या मांसाचा मासा मागा. स्कॅलप म्हणजे शिंपल्यातलं मऊ, गोडसर मांस. करी पावडर घातलेल्या रश्श्यात ते शिजवून कणकेच्या पारीत भाजतात, त्या पायचं तिथल्या लोकांना भारी कौतुक. आपल्या तिखलाच्या मानाने ती करी मिळमिळीत लागेल, हे आधीच सांगून ठेवते. ब्रूनी या शेजारच्या छोट्या बेटावर कालवं मिळतात. ती लिंबू पिळून कच्चीच खातात. वेंगुर्ल्याच्या माणसाला कच्ची कालवं गिळताना जड जाईल, पण एक तरी खाऊन बघा. नाही जमलं तर भाजलेली मागा.

आता यजमान. त्यांनी दोन कारणं सांगितली आहेत: डोंगर इथेही आहेत, आणि खायला काही मिळणार नाही. तुम्ही दोन्ही जशीच्या तशी खरी धरलीत. मला तिसरं दिसतं, आणि ते तुमच्याच पत्रात एका ओळीत आहे. खर्च जावई करणार. ज्या माणसाने आयुष्यभर स्वतःच्या पगारात घर चालवलं, त्याने आठवडाभर जावयाच्या गाडीत मागच्या सीटवर बसायचं, जावयाच्या पैशाने हॉटेलात राहायचं आणि वर प्रत्येक जेवणाला "यात अंडं आहे का, यात मासा आहे का" अशी खोड काढायची. आपल्याकडे जावयाला पाटावर बसवतात. इथे तर पाटच उलटा. अशा माणसाला "नको" म्हणणं "मला संकोच वाटतो" म्हणण्यापेक्षा सोपं जातं. माझा अंदाज चुकीचाही असेल, पण पडताळून बघायला काही खर्च नाही. लेकीकडून घरभाड्याचा आकडा मागवा आणि यजमानांना म्हणा, होबार्टच्या घराचं भाडं आपण देऊ. सगळा खर्च उचलायची गरज नाही. एक ठरावीक वाटा, आधीच सांगून, एकदम दिलेला. पुष्कळ ठिकाणी एवढ्यानेच सूर बदलतो. निपाणी, चिकोडीकडूनही परदेशातल्या मुलांबद्दलची पत्रं येतात, त्यांतही हाच काटा वेगवेगळ्या नावांनी असतो.

त्यांचं डोंगराचं म्हणणं मात्र हसण्यावारी नेऊ नका. पावसात ते जिंकलेलेच आहेत. आंबोलीएवढा पाऊस टास्मानियात कुठेच पडत नाही. पण त्यांना एक गंमत सांगा. आपल्या जिल्ह्यात कणकुंबीला पावसाळ्यात छत्री मिटत नाही आणि अथणीकडे पाण्याची ओढ. तिथेही तसंच. पश्चिमेचे वारे समुद्रावरून सुसाट येतात आणि पश्चिमेच्या डोंगरांवर पाऊस रिता करतात. म्हणून तिकडे घनदाट थंड अरण्य, आणि पूर्वेकडचं होबार्ट ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या राजधान्यांपैकी एक, वर्षाला सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. क्रेडल माउंटन १५४५ मीटरचा, म्हणजे कळसूबाईपेक्षा बुटकाच. पण उंची हा मुद्दाच नाही. तिथला डोलेराइट खडक सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीचा, आपल्या दख्खनच्या कातळापेक्षा कितीतरी जुना, आणि समुद्रकाठी तो उभ्या खांबांसारखा तासलेला दिसतो. बेटाचा पाचव्या हिश्शाहून जास्त भाग जागतिक वारशात आहे. तिथे रस्ते मोजकेच, गावं जवळपास नाहीतच. बेट आकाराने बेळगाव जिल्ह्याच्या पाचपट आणि लोकसंख्या पावणेसहा लाखांच्या आसपास. म्हणजे आपल्या शहरात जेवढी माणसं, जवळपास तेवढीच पाच जिल्ह्यांत पांगलेली. चोर्ल्यात कुठेही थांबलं तरी मागून गाडीचा हॉर्न येतोच. तिथे येत नाही. हे पटलं तर पटलं. नाही पटलं तरी त्यांचं आंबोलीवरचं प्रेम कमी लेखू नका.

जेवणाचा प्रश्न खरा आहे, पण तो हॉटेलात सुटणार नाही, स्वयंपाकघरात सुटेल. लेकीच्या बेतात रोज नवं हॉटेल आहे, आणि माळकऱ्याला तेच सगळ्यात अवघड. होबार्ट आणि उत्तरेकडचं लॉन्सेस्टन या दोन्ही शहरांत भारतीय हॉटेलं आहेत, डाळ-तांदूळ-मसाले मिळणारी दुकानंही आहेत. टास्मानियात नेपाळी कुटुंबं बरीच आहेत, त्यामुळे आपल्यासारखं सामान मिळायला अडत नाही. पण लहान गावांत यांतलं काही नसतं आणि खाणावळींची स्वयंपाकघरं रात्री लवकर बंद होतात. म्हणून राहायला स्वयंपाकघर असलेलं घर घ्या. सकाळी पोळी-भाजी, रात्री आमटी-भात, आणि दुपारचं तेवढं बाहेर. तुम्हाला सुट्टीतही चूल सुटली नाही असं व्हायला नको, म्हणून एक अट घाला: रात्रीचा भात लेक-जावई लावतील. जावयांना येत नसेल तर शिकतील. दोन-तीन पातेली फक्त शाकाहारी ठेवा आणि तुमचे मासे बाहेरच खा. भांड्यांचा वाद तिथेच संपला.

यजमानांसाठी काही बारकावे. मासे तळतात त्याच तेलात बहुतेक ठिकाणी बटाट्याच्या चिप्सही तळतात, म्हणून चिप्स मागवण्याआधी विचारा. टास्मानियाचं चीज नावाजलेलं आहे, पण काही चीजमध्ये दूध विरजायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात. "प्राणिज रेनेट आहे का" असं विचारलं की दुकानदार चटकन सांगतो, हा प्रश्न त्यांना नवा नाही. भोपळ्याच्या सूपमध्ये कधी कधी कोंबडीचं पाणी असतं. बाकी बटाटा, बेरी, सफरचंदं, पाव, लोणी यांना काही अडचण नाही. या बेटाला सफरचंदाचं बेट म्हणत आले आहेत, आणि वायव्येच्या लाल मातीत बटाटा, कांदा पिकतो. खेड्यांतल्या रस्त्यांवर शेतकरी फळं, अंडी टेबलावर मांडून ठेवतात, शेजारी पैशाचा डबा. माणूस नसतो. आपण पैसे टाकायचे आणि माल उचलायचा. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर दिवस काढलेल्या माणसाला हा व्यवहार बघायला मजा येईल.

लेकीचा आराखडा मात्र कापायलाच हवा, आणि तो तुम्हीच कापा. सात दिवसांत आठ ठिकाणं म्हणजे गाडीच्या काचेतून बेट बघणं. नकाशावर सगळं जवळ दिसतं, पण रस्ते डोंगरी आणि वळणांचे आहेत. होबार्टहून पश्चिम किनाऱ्यावरच्या स्ट्रॉनला पोचायलाच साडेचार-पाच तास जातात. मी असते तर पश्चिम किनारा या खेपेला सरळ सोडला असता. मोह फक्त एकाच गोष्टीचा: क्वीन्सटाउन ते स्ट्रॉनकडे जाणारी जुनी आगगाडी. तिला चढावर दोन रुळांच्या मध्ये दात्यांचा तिसरा रूळ आहे. यजमानांना यंत्रांची आवड असेल तर त्यांना हे दाखवा आणि ठरवू दे, क्रेडल हवा की ही गाडी. दोन्ही नाही.

माझी वाटणी अशी. विमानाने मेलबर्नहून होबार्ट, सव्वा तासाचा प्रवास. होबार्टला एकाच घरात चार रात्री. त्यात शनिवार येईल असं बघा, कारण सलामांका बाजार फक्त शनिवारी भरतो, १९७२ पासून. भाजी, चीज, लाकडाच्या वस्तू आणि लेदरवूड नावाच्या जंगली झाडाचा मध. हा मध उग्र असतो, चाखूनच घ्या. एक दिवस ब्रूनी: केटरिंगहून फेरीबोट, वीसेक मिनिटं. एक दिवस माउंट फील्डमधला रसेल धबधबा, अगदी सपाट वाटेने जेमतेम अर्ध्या तासाचं येणं-जाणं, गुडघ्यांना चालेल. कुनान्यी म्हणजे माउंट वेलिंग्टनच्या १२७१ मीटर उंचीच्या माथ्यापर्यंत गाडी जाते. पोर्ट आर्थरचा तुरुंग १८३० पासून १८७७ पर्यंत कैद्यांचं ठिकाण होता. इतिहासाची आवड असेल तर पूर्ण दिवस द्या, नसेल तर सोडा, उगाच दोन तासांत उरकू नका. मोना हे खासगी कलासंग्रहालय प्रसिद्ध आहे, पण सासऱ्यांनी जावयाशेजारी उभं राहून बघावं असं तिथलं सगळंच नाही. तरुण मंडळींना एका दुपारी परस्पर जाऊ द्या.

मग एक रात्र पूर्व किनाऱ्यावर, बिशेनोला. संध्याकाळी समुद्रातून छोटे पेंग्विन बिळांकडे परततात, ते मार्गदर्शकाबरोबर बघता येतात. वाटेत फ्रेसिनेट राष्ट्रीय उद्यानातला वाइनग्लास बे हा उपसागर बघायला सगळे पायऱ्या चढून जातात. ज्यांना चढवत नाही त्यांनी केप टूरव्हिलच्या दीपगृहाची छोटी, सपाट फेरी मारावी. तो उपसागर तिथूनही दुरून दिसतो, आणि गर्दी कमी.

शेवटच्या दोन रात्री लॉन्सेस्टन. या शहराला २०२१ मध्ये युनेस्कोने खाद्यसंस्कृतीच्या शहरांच्या यादीत घेतलं. तिथून सव्वादोन तासांवर क्रेडल. डव्ह लेकपर्यंत आपली गाडी दिवसा सोडत नाहीत, पर्यटक केंद्रापासून त्यांची बस घ्यावी लागते. तळ्याभोवतीची वाट सहा किलोमीटरची. ती जमेल एवढीच चाला, मागे फिरायला बंदी नाही. वोम्बॅट नावाचा ठेंगणा, गुबगुबीत प्राणी तिथे संध्याकाळच्या सुमाराला गवतात चरताना दिसतो. त्याची लेंडी चौकोनी असते, हे नातवंडं असतील तर त्यांना नक्की सांगा. आणि परत जाताना लॉन्सेस्टनहूनच विमान धरा, म्हणजे उलटा रस्ता तुडवावा लागत नाही. ही वाटणी लेकीला तशीच्या तशी पाठवा. तिला वाईट वाटेल, कारण तिने बरीच जुळवाजुळव केली असणार. पण तिला आई-वडिलांना बेट दाखवायचं आहे की त्यांच्याबरोबर राहायचं आहे, हे तिनेही एकदा स्वतःला विचारायला हरकत नाही.

गाडीबद्दल एकच कडक सूचना. सूर्य मावळल्यावर गावाबाहेर गाडी चालवायची नाही. वॉलबी, वोम्बॅट, पॉसम असले प्राणी अंधार पडायला लागला की रस्त्यावर येतात, आणि भाड्याच्या गाडीचा विमा अशा धडकेला लागू आहे की नाही हे करार वाचल्याशिवाय कळत नाही. जावयांना हे यजमानांनीच सांगावं. वडीलधाऱ्याला बोलायला एक विषय मिळतो.

आता तुमचे तीन पर्याय. बेत रद्द करू नका. लेकीला "बाबांमुळे" हे कारण कायम लक्षात राहील, आणि खरं कारण ते नाहीच. यजमानांना मेलबर्नला ठेवून जाणं वाईट नाही, पण तिथे त्यांना रोज कोण वाढणार? लेक-जावई तर तुमच्याबरोबर. परक्या शहरात माळकरी माणूस आठवडाभर एकटा म्हणजे बेटावरच्या जेवणापेक्षा मोठी अडचण. तुमच्या दोघांची कुणी मराठी ओळख तिथे असेल तरच हा पर्याय धरा, आणि तेव्हा अपराधी वाटून घेऊ नका. तयार करण्याबद्दल म्हणाल, तर "तयार करणं" सोडा. घरभाड्याचा वाटा, स्वयंपाकघर असलेलं घर आणि आगगाडी की डोंगर हे ठरवायचा हक्क, एवढं त्यांच्यापुढे ठेवा आणि आठवडाभर पुन्हा विषय काढू नका. हाच प्रश्न अंदमानचा असता तरी मी हेच लिहिलं असतं.

वेळेबद्दल. नाताळ ही तिथे सगळ्यात महागाईची आणि गर्दीची वेळ. २५ डिसेंबरला बहुतेक सगळं बंद असतं. २६ तारखेला सिडनीहून सुटणाऱ्या शिडाच्या बोटींची शर्यत होबार्टला संपते, तेव्हा तिथे खोल्या मिळणं कठीण. लेकीला रजा मिळत असेल तर फेब्रुवारीचा शेवट किंवा मार्च बघा. शाळा सुरू झालेल्या असतात, सफरचंदाचा हंगाम असतो, होबार्टला दुपारी वीस-बावीस अंश. क्रेडलवर मात्र उन्हाळ्यातही कधी बर्फ पडतं, तेव्हा स्वेटर, कानटोपी आणि पावसाचं जाकीट तिन्ही हवंच. रजा नाताळचीच असेल तर चेरीचा हंगाम मिळेल, पण घरं आजच राखून ठेवायला सांगा.

सामानात बेळगावचा कुंदा न्यायचा नाही. मला ठाऊक आहे, तुम्ही आतापासूनच डबा बाजूला काढला असेल. ऑस्ट्रेलियात भारतातून दुधाची मिठाई नेता येत नाही, विमानतळावर काढून घेतात. गोकाकचा करदंट, चटण्या, लोणचं, जे काही खाण्याचं असेल ते विमानातल्या फॉर्मवर "आहे" म्हणून लिहा. लिहिलं तर फार तर ठेवून घेतील, लपवलं तर दंड. मेलबर्नहून टास्मानियात जाताना आणखी एक तपासणी असते. ताजी फळं आणि भाज्या बेटावर नेता येत नाहीत, विमानतळावर कुत्री हुंगत असतात. लेकीने फ्रीजमधली मिरची-कढीपत्ता बॅगेत टाकला तर तोही जाईल. कोरडं सामान आणि छोटा कुकर मात्र खुशाल न्या. स्वतःच्या गाडीने जायचं तर जीलाँगहून डेव्हनपोर्टला रात्रीची बोट आहे, सगळी भांडीकुंडी मावतात. पण मधली बास सामुद्रधुनी खवळलेली असते, पोटात ढवळणाऱ्यांनी त्या वाटेला जाऊ नये. शिवाय बोट उत्तरेला लागते, तेव्हा वरची वाटणी उलट्या क्रमाने करावी लागेल.

प्रवासाचा आरोग्यविमा घेतल्याशिवाय निघू नका. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा भारतीय पाहुण्यांना फायदा मिळत नाही आणि दवाखान्याचं बिल जावयाच्या खिशातून गेलं तर यजमान पुढच्या वेळी मेलबर्नलाही येणार नाहीत. नेहमीची गोळ्या-औषधं मूळ पाकिटात ठेवा, बरोबर डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी. व्हिसाचा अर्ज तिकिटाच्या आधी. आणि तारखा पक्क्या करताना पंचांग उघडून एकादशी कोणत्या दिवशी पडते ते बघा. त्या दिवशी ब्रूनी ठेवू नका. तुम्ही कालवांच्या टेबलावर आणि यजमान शेजारी उपाशी, असं व्हायला नको. एकादशीला होबार्टच्या घरीच राहा, साबुदाणा करा, आणि डॉकवरच्या माशांचा बेत दुसऱ्या दिवसावर ढकला.